घाबरलेला हात

रोह्यात मला 'विमानवाले रोहेकर' म्हणतात. ते खोटं आहे. हवाई दलात मी नोकरीची सगळी वर्षं काढली हे खरं. पण विमान चालवणं सोडाच, विमानात बसलो तोही दोन-तीनदा, सामानाच्या पेट्यांशेजारी. माझं काम जमिनीवर, एका बंद खोलीत होतं. वैमानिक व्हायला आलेल्या तरुणांना एका यंत्रासमोर बसवायचं, सहा मिनिटं मोजायची आणि आकडा लिहायचा. तो आकडा पाहून बऱ्याच जणांना घरी पाठवलं जाई. म्हणजे उडणाऱ्यांपेक्षा न उडणाऱ्यांशीच माझा संबंध जास्त. हे सगळं समजावून सांगायला वेळ लागतो. म्हणून पंधरा ऑगस्टला शाळेत मला वैमानिक समजून नारळ देतात, तेव्हा मी मुकाट्याने तो घेतो.

ते यंत्र आता भंगारात गेलं आणि त्याच्या जागी संगणक आले, त्यामुळे वर्णन करायला हरकत नाही. एक खुर्ची, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक दांडा, पायाशी दोन पॅडल. समोर काच, काचेवर आखलेला चौकोन आणि त्यात प्रकाशाचा एक ठिपका. ठिपका आपल्या मर्जीने भटकतो. दांडा हलवून त्याला चौकोनात ठेवायचं. दांडा उजवीकडे केला की ठिपका उजवीकडे जातो, डावीकडे केला की डावीकडे. यात अवघड काय, असं प्रत्येकाला वाटतं. मग मध्येच लाल दिवा लागतो, तो पॅडल दाबून विझवायचा. तेवढ्यात कानाशी भोंगा वाजतो, तो डाव्या हाताच्या बटणाने बंद करायचा. तोवर ठिपका पळालेला असतो. ठिपका जितका वेळ चौकोनात राही तितका वेळ माझ्या बाजूचा काटा टकटक करत पुढे सरके. उमेदवार आणि मी यांच्यामध्ये काचेची भिंत होती. माझ्या हाताशी दोन खटके: एक यंत्र सुरू करण्याचा, दुसरा यंत्र बिघडलं तर थांबवण्याचा. थांबवलं तर ती परीक्षा धरली जात नसे, पुन्हा पहिल्यापासून होई.

आधी दोन मिनिटं सराव, मग सहा मिनिटं परीक्षा, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच. नापास झालेल्याला विमान चालवण्याच्या वाटेवर पुन्हा कधीच उभं करत नसत. याला कारण होतं. दुसऱ्या खेपेला बहुतेकांचा आकडा वाढतो, आणि वाढला तो अंगचा गुण म्हणून की सराव झाला म्हणून, हे सांगता येत नाही. कारण पटण्यासारखं आहे. मलाही कैक वर्षं पटत होतं.

लोक विचारतात, सहा मिनिटांत माणूस कळतो का? मी सांगतो, माणूस कळत नाही, माणसांचा घोळका थोडासा कळतो. जास्त आकडा असलेली शंभर मुलं आणि कमी आकडा असलेली शंभर मुलं शिकायला धाडली, तर पहिल्या शंभरांतली कमी मुलं नापास होऊन परत येतील. पण त्या शंभरांतला नेमका कोण परत येईल हे यंत्राला सांगता येत नाही. पंचांगापेक्षा ते बरं, एवढंच मी म्हणेन. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा असा होता की काटा जवळजवळ थांबलाच नाही. अधिकारी उठून बघायला आले. तीन महिन्यांत तो घरी गेला. शिक्षक शेजारी बसलेला असला की उत्तम उडवायचा. एकट्याने उडायचा दिवस आला तेव्हा त्याने विमानाची शिडी धरली आणि सोडेचना. आमच्या खोलीत काचेपलीकडे कायम मी होतो. एकटेपणाचं पॅडल आमच्या यंत्राला नव्हतं.

एकदा फार मोठे पाहुणे आले. छातीवर इतकी पदकं की वाकल्यावर वाजत. त्यांनी हसत हसत विचारलं, "बसू का?" नको म्हणायची कुणाची छाती? ते बसले. भोंगा वाजल्यावर त्यांनी दोन्ही हात वर घेतले आणि ठिपका काचेबाहेर निघून गेला तो आलाच नाही. माझ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खटका दाबला आणि म्हटलं, यंत्र बिघडलं आहे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत कारण नसताना मी तो खटका दाबला तो तेवढा एकदाच.

आणखी एक गोष्ट, जी आमच्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. परीक्षा बरोबर होती की नाही हे आम्ही पास झालेल्यांवरून ठरवत होतो. नापास झालेल्यांना कुणी विमानात बसवलंच नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आम्ही कधी चुकलोच नाही.

काचेमागे बसून माझ्या एक लक्षात आलं होतं. सरावात सगळे शहाण्यासारखे वागतात. भोंगा वाजला की प्रत्येकाचा हात आपल्या जुन्या कामाला लागतो. सायकलवाल्याची बोटं ब्रेक आवळल्यासारखी मिटायची. ट्रॅक्टरवर वाढलेल्या मुलाचा पाय क्लच शोधायचा. मी माझ्यापुरता नियम केला होता: घाबरलेला हात माहेरी जातो. मोठा शोध लावला असं मला वाटे.

हिराजी आला तेव्हा मी नोकरीत मुरलेला होतो. यादीत नाव होतं हिराजी म्हात्रे, जिल्हा त्या वेळचा कुलाबा, म्हणजे माझाच. मी यादीवर बोट ठेवून जरा थांबलो. पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. तिथून कुणी लेखी परीक्षा पास होऊन इथवर येईल असं मला वाटलं नव्हतं. उंच, काळासावळा, सदरा नवा आणि गळ्याशी घट्ट. सूचना इंग्रजीत सांगायच्या आणि त्यापलीकडे उमेदवाराशी एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता. मी सूचना सांगितल्या. सरावाची दोन मिनिटं त्याने चांगली काढली, काटा नीट चालत होता.

मग परीक्षा सुरू झाली आणि पहिला भोंगा वाजला. ठिपका डावीकडे पळाला. त्याला उजवीकडे आणायचं, तर हिराजीने दांडा झटक्यात डावीकडे रेटला. ठिपका आणखी डावीकडे गेला. त्याने आणखी रेटला. मग कळलं, त्याने हात वळवला, ठिपका परत आला. दिवा लागला, पुन्हा तेच. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, "नाय, नाय, नाय." तिसऱ्या मिनिटाला मला उमगलं. हा मुलगा होडीवर वाढला आहे. होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडीचं तोंड उजवीकडे वळतं. त्याचा हात चुकत नव्हता. लहानपणापासून जे बरोबर होतं तेच करत होता.

दोष हाताचा नव्हता, सवयीचा होता, आणि हे ओळखणारा त्या इमारतीत बहुधा मी एकटाच होतो. तीन मिनिटं उरली होती. माझा उजवा हात थांबवायच्या खटक्यावर गेला. यंत्र बिघडलं म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. अर्ध्या तासाने तो पुन्हा बसला असता, तोवर मी त्याला एकच वाक्य सांगितलं असतं. हात खटक्यावर राहिला. काटा थांबत थांबत चालला. एकाला सांगितलं तर सगळ्यांना सांगायला हवं, असं काहीतरी मी मनाशी म्हणत होतो. सहा मिनिटं संपली.

तो उठला, काचेपाशी आला आणि मराठीत म्हणाला, "साहेब, पुन्हा एकदा?"

मी म्हटलं, "नो." इंग्रजीत म्हटलं, कारण मराठीत म्हणालो असतो तर माझा आवाज त्याला ओळखीचा वाटला असता.

निवृत्त झाल्यावर मी रोह्याला परत आलो. आम्ही कोकणातले ज्यू, आमचे बहुतेक भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले. तिकडून पत्रं येतात, कधी या म्हणून. पण आडनावच रोहेकर असलेल्या माणसाने दुसरीकडे जाऊन काय सांगायचं? पत्नी हन्ना आणि मी, दोघंच घरात.

एका शनिवारी दुपारी दारात एक माणूस आणि एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. शनिवारी मी कामाचं बोलत नाही हे रोह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हे रोह्याचे नव्हते. मुलगी म्हणाली, "काका, मी वैजयंती म्हात्रे. इथे धाटावच्या कारखान्यात लॅबमध्ये असते. कंपनीत कळलं तुमच्याबद्दल." तिला विमानचालनाच्या निवडीचं बोलावणं आलं होतं. मुलींना तेव्हा नुकतंच घ्यायला लागले होते. परीक्षा सात आठवड्यांवर होती.

 बाप भिंतीवरच्या माझ्या जुन्या फोटोकडे बघत होता. हन्नाने पाणी दिलं ते त्याने एका घोटात संपवलं.

"तुमी मला वळखलं नाय," तो म्हणाला.

मी नाही म्हटलं. खोटं बोललो. दारात उभा राहिला तेव्हाच ओळखलं होतं.

"मी तुमाला तवाच वळखलं व्हतं. छातीवर नावाची पट्टी व्हती, रोहेकर. मी मनात म्हटलं, रोह्याचा माणूस हाय. हा कायतरी सांगंल."

हन्ना स्वयंपाकघराच्या दारात थांबली. वैजू, तिला घरी वैजू म्हणत, बापाकडे बघत राहिली. तिलाही हे नवीन असावं.

"पुढं काय केलं तुम्ही?" मी विचारलं.

"काय करणार? होडीवर परत. मग माल न्यायचा बार्ज. आता धरमतरच्या खाडीत बार्जवर तांडेल हाय." मग म्हणाला, "बार्जला चाक असतं, साहेब. उजवीकडं फिरवलं की उजवीकडं. पयल्यांदा हात उलटा जायचा. सारंग शिव्या द्यायचा."

"किती दिवस लागले?"

"दोन."

दोन दिवस. मी या माणसाला जन्मभरासाठी सहा मिनिटं दिली होती.

"ही आठ वर्षांची असल्यापासून सुकाणू धरते," हिराजी म्हणाला. "माझ्याहून बरं धरते. म्हणून भ्या वाटतं."

यंत्राविषयी बाहेर बोलणार नाही असा कागद मी सही करून दिलेला होता. शिवाय शिकवणीने परीक्षा बाटते, हे मी जन्मभर म्हणत आलो. मी वैजूला एवढंच सांगितलं, "आजपासून सुकाणूला हात लावायचा नाही. आणि पहिली पाळी सुटली की रोज इथे यायचं." यंत्राचं नावही मी काढलं नाही. फक्त हाताला वळण लावणार होतो. प्रत्येक लबाड माणूस स्वतःशी असंच काहीतरी बोलत असावा.

मागच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीपुढे मी लाकडी दांडा बिजागरीवर बसवला आणि त्याच्या टोकाला बॅटरी बांधली. खिडकी लावली की बॅटरीचा झोत समोरच्या भिंतीवर पडे. दांडा उजवीकडे, झोत उजवीकडे. दुसरी बॅटरी हन्नाच्या हातात. ती तिचा झोत भिंतीवर फिरवी आणि वैजूने आपला झोत त्याच्यावर ठेवायचा. भोंग्याच्या जागी मी मागे उभा राहून स्टीलच्या ताटावर उलथनं हाणायचो. शेजारच्यांनी दोन दिवस सहन करून तिसऱ्या दिवशी हन्नाला विचारलं, तुमच्यात हा कुठला सण असतो?

पहिला आठवडा वाईट गेला. ताट वाजलं की वैजूचा हात उलटा जाई, अगदी बापासारखा, मनगटाच्या त्याच झटक्याने. ती चिडायची नाही, दात आवळून पुन्हा धरायची. साडेतीनला यायची, पेणची गाडी धरण्यापुरती उठायची. तिसऱ्या आठवड्यात झटका कमी झाला. चौथ्यात मी ताट कितीही बडवलं तरी तिचा झोत हन्नाच्या झोतावरून हलेना.

"आता ही पास होते," हन्ना म्हणाली.

"यंत्राला विचार," मी म्हटलं. पण मनातून फुगलो होतो.

त्या रविवारी हिराजीने आम्हांला धरमतरला बोलावलं. पलीकडच्या काठावर त्याच्या बहिणीकडे जेवण होतं. होडी जुनी, मागे डिझेलचं इंजिन. सुकाणू हिराजीकडे, वैजू मुद्दाम हात मांडीखाली घेऊन बसलेली, हन्ना पदर सावरत मधल्या फळीवर. भरतीची वेळ होती. अर्ध्या खाडीत इंजिन बंद पडलं.

हिराजी सुकाणू सोडून इंजिनापाशी वाकला, हँडल मारू लागला. होडी पाण्याबरोबर आडवी वाहायला लागली. तेवढ्यात वळणावरून एक बार्ज आला. रिकामा होता, त्यामुळे पाण्यावर भिंतीसारखा उंच. आणि मागून भरतीचा जोर. भोंगा वाजला. खरा भोंगा पोटात वाजतो, ताटासारखा नाही. बार्जवरचे लोक हात हलवून ओरडत होते, पण तेवढं वजन तसं थांबत नाही. हिराजीने आणखी एक हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं.

"वैजू, सुकाणू घे गो! उजवीकडं काढ!"

वैजूने दांडा धरला आणि उजवीकडे ढकलला.

होडीचं तोंड डावीकडे वळलं, सरळ बार्जच्या पुढ्यात. मी ताटावर उलथनं मारून मारून जे शिकवलं होतं ते तिच्या हाताने तंतोतंत केलं. मी फळीला धरून बसलो होतो आणि मला काय चुकतंय ते कळत होतं, आणि या वेळीही माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. हन्नाने माझा दंड इतका आवळला की तिची नखं दुसऱ्या दिवशीही दिसत होती.  हिराजी इंजिनावरून मान वर करून फक्त पोरीच्या हाताकडे बघत होता.

वैजूने दांड्याकडे पाहिलं, मग बार्जकडे, आणि दोन्ही हातांनी दांडा डावीकडे लोटला. होडी कण्हली आणि फिरली. बार्जची गंजकी बाजू आमच्या शेजारून गेली, हात लांब केला असता तर गंज बोटाला लागला असता. वरून कुणीतरी आईवरून शिवी दिली. मागच्या लाटेने होडीत पाणी आलं, हन्नाची चप्पल तरंगत गेली.

 मग हिराजीने तोंडावरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पोर तयार झाली, साहेब."

वैजूने दांडा बापाच्या हातात दिला. "मी बुडवला असता तुमाला सगल्यांना," ती म्हणाली. पलीकडे उतरेपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही.

त्या रात्री मी माझा नियम मोडीत काढला. घाबरलेला हात माहेरी जातो, पण ते माहेर चौदा वर्षांचं असलं तरी चार आठवड्यांत बदलता येतं. कुणाचा हात आज कुठे जातो एवढंच आम्ही मोजत होतो. तो किती लवकर वळतो हे मोजलंच नव्हतं. आणि उडायला शिकणं म्हणजे बहुतेक तेच असणार.

सोमवारी वैजू आली नाही. मंगळवारीही नाही. मला वाटलं, संपलं. बुधवारी साडेतीनला दार वाजलं. पर्स कोपऱ्यात टाकून ती सरळ मागच्या खोलीत गेली.

"काका, एक मिळवायला दुसरं घालवायचं असेल तर मला नको. मला दोन्ही पायजे."

"दोन्ही होत नाही."

"ते तुम्ही कशावरून सांगता? करून बघितलंय कुणी?"

कुणी करून बघितलं नव्हतं. हन्नाने बॅटरी उचलली आणि तिने एक नवी रीत काढली, जी कुठल्याही पुस्तकात मी वाचलेली नाही. मी ताट वाजवलं की ती मोठ्याने म्हणायची "विमान" किंवा "होडी". विमान म्हटलं की वैजूने दांडा झोताच्या बाजूला न्यायचा, होडी म्हटलं की उलट. उलट नेला की झोत हन्नापासून दूर पळे, आणि तो किती नेमका दूर गेला हे मी बघायचो. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ. "विमान!" "अगो मावशी, दम तर घेऊ दे." "बार्ज दम घेतो का? होडी!" पेणला आमचे एक मित्र आहेत, गणपतीच्या मूर्तींचा त्यांचा कारखाना आहे. ते एकदा येऊन हा प्रकार बघून गेले. म्हणाले, "डोळे आखायला कुणाला बसवावं हे मला आठ वर्षांनी कळतं, आणि कधी कधी तेव्हाही नाय. तुमी सहा मिनिटांत ठरवायचा?" मी ताट वाजवत राहिलो.

रविवारी ती सुकाणू धरायची, इतर दिवशी दांडा. निघायच्या आदल्या दिवशी ती एकदाही चुकली नाही, किंवा चुकली तर मला दिसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी हिराजीने सुट्टी घेतली आणि आमच्या घरी येऊन बसला, कारण फोन आमच्याकडे येणार होता. सकाळपासून आम्ही दोघं समोरासमोर. मला त्या इमारतीचा दिनक्रम तोंडपाठ होता. आता सूचना सांगत असतील, आता सराव. साडेअकराला मी घड्याळाकडे पाहिलं आणि हिराजीने माझ्याकडे. पुढची सहा मिनिटं मी घड्याळाच्या काट्यावर मोजली. हन्ना भाजी निवडायची थांबली.

फोन दुपारी आला. वैजू म्हणाली, "पयल्या भोंग्याला हात उलटा गेला, काका. मग मावशी ओरडल्यागत झालं आणि वळला. पास." हिराजीला मी फोन दिला. तो फोन कानाला लावून नुसता "व्हय, व्हय" म्हणत राहिला.

पुढचं शिक्षणही तिने पुरं केलं. आता ती मालवाहू विमान चालवते. हे कशाचा पुरावा म्हणून मी सांगत नाही. आकडा तिचा, पण त्यात माझं ताट आहे, हन्नाचा आवाज आहे. असा आकडा मी नोकरीत असतो तर बाद केला असता. आणि खाडीकाठच्या ज्या मुलांना रोह्यात कुणी रोहेकर भेटला नाही, त्यांचं काय, हे तर कुठेच लिहिलेलं नाही.

वैजू गणवेशात घरी आली तेव्हा पेणला सत्कार झाला. फलकावर लढाऊ विमान छापलेलं, खाली चार पुढाऱ्यांचे चेहरे, त्यांतले दोन विमानापेक्षा मोठे. एक वक्ते म्हणाले, धरमतरच्या पाण्यातच शौर्य आहे. ते पाणी हन्नाची चप्पल घेऊन गेलेलं, म्हणून ती हसली. मला व्यासपीठावर 'माजी वैमानिक' म्हणून बसवलं होतं. तिसरं भाषण सुरू झालं तेव्हा शेवटच्या रांगेतला हिराजी उठला. मी मागच्या बाजूने उतरून त्याच्यामागे गेलो.

आम्ही धरमतरला आलो. त्याने होडी सोडली. ओहोटी संपत आलेली, बार्ज नव्हते. मी ठरवून आलो होतो ते बोललो.

"हिराजी, त्या दिवशी यंत्र बिघडलं असं मी म्हणू शकलो असतो."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "शेवटचा भोंगा वाजला तवा मी तुमच्याकडं बघितलं. काचंतून तुमचा हात दिसत व्हता. खटक्यावर व्हता."

 त्याने इंजिनाचा आवाज कमी केला. मग तो उठला, बाजूला सरकला आणि सुकाणूचा दांडा माझ्याकडे केला.

"धरा."

इतक्या जणांना दांड्यापुढे बसवलं, पण मी स्वतः कधी कुठलाच दांडा धरलेला नव्हता. समोर चिखलाची पट्टी दिसत होती, उजवीकडे वळायला हवं होतं. मला सगळं ठाऊक होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. मी दांडा उजवीकडे ढकलला. होडी डावीकडे गेली आणि चिखलात रुतून थांबली.

हिराजी खाली उतरला, गुडघाभर चिखलात उभा राहिला, खांदा लावून त्याने होडी पाण्यात ढकलली आणि वर चढला. पाय झटकले. दांडा अजून माझ्याच हातात होता. तो त्याने घेतला नाही.

"पुन्हा एकदा, साहेब," तो म्हणाला.